वाल्याचा डावा कान

सरूच्या हातून कानात तेल घालून न घेता निडी गावात तिच्या ओटीवरून कुणी उठला नाही. शनिवार उजाडला की ती खोबरेलात लसणाची पाकळी टाकायची, चुलीवर कोमट करायची, आणि मग समोर येईल त्याला मांडीवर आडवा. नवरा असो, नातवंडं असोत, शेजारची सीताबाई असो. एकदा विजेचं मीटर वाचायला आलेला माणूस कान चोळताना दिसला, तर तिने त्यालाही सोडला नाही. पुढच्या महिन्यात तो मीटरकडे न बघता सरळ ओटीवर येऊन बसला. म्हणाला, "मावशी, मागच्या वेळेस एक कान राहिला."

अशा घरात कुत्रा कसा सुटेल? पिल्लू वालाच्या शेतात सापडलं म्हणून त्याचं नाव वाल्या. आई गावातली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाप मात्र रोह्याजवळच्या वरशाच्या कुठल्याशा बंगल्यातला असावा, कारण कान एवढे लांब की जेवताना ताटात बुडायचे. सरू हसून लोटपोट व्हायची. "आधी कान जेवतात, मग हा," म्हणायची, आणि शनिवारी त्या दोन्ही पडद्यांखाली चमचा चमचा तेल सोडायची. फडक्याने कान पुसून कोरडे करण्यातही ती तेवढीच चोख, म्हणून तिच्या हयातीत सगळं निभावलं.

फाल्गुनात चार दिवसांच्या तापाने सरू गेली. मुलगा रोह्याला कंपनीत. शिफ्ट सांभाळायला बायकोसह वरशालाच खोली घेऊन राहिलेला. घरात उरले तिचा नवरा केरू आणि वाल्या. केरूने शेती सांभाळली, भाकरी थापायला शिकला, आणि शनिवारचं तेल काही चुकवलं नाही. स्वतःच्या कानात घालायचं त्याने सोडलं; त्याला दुसऱ्याची मांडी लागते. पण वाल्याच्या कानात दर शनिवारी, न विसरता, तिच्याच बाटलीतून. कान पुसायचं फडकं मात्र कुठे गेलं ते त्याला कळलं नाही, आणि ते शोधावंसं वाटलंही नाही.

पितृपक्षातल्या नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायकांच्या तिथीला, केरूने मागच्या दाराशी पान ठेवलं. त्या दारावर फणसाची दाट सावली, दुपारीसुद्धा ऊन पोचत नाही. तिथेच उंबऱ्यावर बसून सरू वाल्याला जेवायला घालायची. कावळा काही शिवेना. तासभर गेला. तेवढ्यात वाल्या आला, उंबऱ्यासमोर बसला, आणि त्याने मान डावीकडे कलती केली. कुणीतरी हळू बोलतंय आणि ते नीट ऐकू येत नाही, अशी. मग पटकन डोकं झाडलं. पुन्हा मान कलती. आणि कावळा उतरला.

भिंतीपलीकडून सीताबाई बघत होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"भावजी," ती म्हणाली, "ती आली हाय. मुक्या जनावराला ऐकू येतं, आपल्याला नाय."

केरूच्या पाठीवरून काटा सरकत गेला आणि मागोमाग डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून वाल्या रोज दुपारी तिथे बसू लागला. मान डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले, मधेच बारीक कण्हणं. केरू भातकापणी टाकून घरी यायचा आणि दहा पावलांवर बसायचा. जवळ जायची छाती होत नसे. "काय म्हणते रे?" विचारायचा. वाल्या डोकं झाडायचा. "नाय म्हणते? बरं, नाय तर नाय." कधी तो राखेत घातलेल्या बियाण्याबद्दल विचारी, कधी सुनेचं गाऱ्हाणं सांगे. घरात आंबलेल्या पिठासारखा वास येऊ लागला होता. तोही तिचाच असेल, असं त्याने मनाशी धरलं. सरू आंबोळ्यांचं पीठ रात्री भिजवायची ना! ओटीवर बसणाऱ्या शेजाऱ्यांनी आत यायचं सोडलं. केरूला त्याचं काही वाटलं नाही. भरल्या घरात माणसं थोडी कमीच बरी.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी दुपारी सॅमसनकाका अंडी न्यायला आला. काका गावातला शेवटचा यहुदी म्हातारा. लेकरं इस्रायलात, आणि हा "तिकडे माझे वाल कोण शिजवणार" म्हणून इथेच. उभा जन्म रोह्याच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून काढलेला. त्याने वाल्याची मान पाहिली, वास घेतला, आणि सरळ उंबऱ्याकडे चालू लागला.

"काका, थांब! तिच्या मधी जाऊ नको!"

"कोणाच्या मधी?"

केरूने सांगितलं. काकाने सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. खाली बसून त्याने वाल्याचा डावा कान उलटा केला. आतून काकवीसारखं काळं, चिकट बाहेर आलं. वाल्या असा कळवळला की फणसावरचे पक्षी उडाले.

"ह्याच्यात काय घालतोस?"

"तेल. शनवारी. तिचंच."

"अरे माझ्या देवा! केर्‍या, तेल गाळण्यात आमच्या सात पिढ्या गेल्या. शनवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून शनवार तेली म्हणायचे आम्हांला. पण आमच्या आज्यानेपण कुत्र्याच्या कानात घाणा मांडला नाय!"

"तो ऐकतो रे तिचं."

"त्याला ठणका लागलाय. दुखतो त्या बाजूला मान पाडतो."

केरू हळूच म्हणाला, "आणि कान बरा झाला, अन् तो ऐकायचा थांबला तर?"

हा प्रश्न काकाला ओळखीचा असावा. बायको गेल्यावर त्यानेही वर्षभर दोन कप चहा केला होता. त्याने वाल्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"पू आत शिरला तर हा ठार बहिरा होईल. मग तर खरोखरच कोण ऐकणार? चल. उद्या शनवार, आमचा पाळायचा दिवस, मी गाडीत बसणार नाय. आणि उद्या तू पुन्हा बाटली काढशील."

रिक्षाने रोह्याला गेले. दवाखान्यातली डॉक्टर दिशा, पोरसवदाच, पण हात काकाच्या हाताइतका स्थिर. नळीच्या बत्तीने कानात पाहून म्हणाली, "पडदा अजून शाबूत आहे, बाबा. अजून आठ दिवस थांबला असतात तर सांगता आलं नसतं." तिने केरूला समजावलं, की कुत्र्याचा कान आधी खाली उतरतो आणि मग आडवा वळतो, ओतलेलं तिथे साचतं, ओल कुजते, त्यात लांब कानांचं झाकण. कान धुऊन, सुकवून मगच औषध. थेंब सोडायचे, कानाचं मूळ चोळायचं, त्याला डोकं झाडू द्यायचं, बोट जाईल तेवढंच मऊ कापडाने पुसायचं. काडी घालायची नाही. कालव्यात डुंबून आला की कान कोरडे करायचे. "आणि तेल बंद."

"बायकोचं हाय ते," केरू म्हणाला.

डॉक्टरने काकाकडे पाहिलं. "मग जपून ठेवा, बाबा. कानात नको."

चौदा दिवस केरूने सकाळ-संध्याकाळ थेंब सोडले. फडकं शोधताना ते मागच्या दाराच्या खुंटीवरच सापडलं; सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. दिवसागणिक वास विरला, मान सरळ होत गेली, आणि केरू दर दुपारी उंबऱ्याकडे जास्तच वेळ बघत बसू लागला. चौदाव्या दिवशी वाल्या दुपारी मागे गेलाच नाही. पुढच्या अंगणात उन्हात पसरला. घर इतकं रिकामं झालं की उंदराचं पाऊल ऐकू यावं.

दुसरा दिवस शनिवारचा. हात आपोआप बाटलीवर गेला. केरूने बूच न काढता ती परत ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, मागच्या दाराशी गेला, आडवा झाला, आणि उंबऱ्यावर डोकं टेकलं, उजवा गाल खाली, डावा कान वर. ती मांडीवर घ्यायची तसं.

फणसाची सावली दाट होती. लाकूड गार लागायला हवं होतं. ते कोमट होतं, कुणीतरी आत्ताच बसून उठावं तसं. नाही. उठलेलं नसावं तसं.

केरू हलला नाही. अंगणातून पावलं वाजत आली. वाल्या समोर येऊन बसला. मान ताठ, दोन्ही कान कोरडे. त्याने केरूकडे पाहिलं नाही. केरूच्या डोक्याच्या जरा वर, उंबऱ्यावर बसलेल्या बाईचा चेहरा येतो तेवढ्या उंचीवर, त्याने नजर लावली, आणि शेपूट हलवू लागला.