साडीच्या फॉलचे वाकडे टाके

शालू, इकडे ये बघू. कागदावर बोलतेय म्हणून लांबनं ऐकू नको. खुर्ची ओढ आणि माझ्या गुडघ्याशी बस, कारण आधी तुला थोडं रागवायचं आहे. गेल्या आठवड्यात बेंगळूरूहून फोन करून काय म्हणालीस? “अज्जी, फोनवर एका आजारी बाळाचा फोटो आला, मी लगेच पैसे पाठवले, आणि नंतर कळलं सगळं खोटं. आता कुणालाच काही देणार नाही.” अय्यो, हे कुठलं शहाणपण? एक बटण तुटलं म्हणून अख्खा शर्ट कुणी फेकून देतं काय? शिंप्याच्या घरची पोर तू! तुझी सख्खी आजी, माझी धाकटी बहीण, आज असती तर तिनं तुझा कान धरला असता. नुसता फोटो बघून दिलंस, ही एक चूक. आता देणारच नाही म्हणतेस, ही त्याहून मोठी. मीही अशीच चुकलेय, म्हणून एवढ्या हक्कानं बोलते. आणि देवळातल्या आपल्या बायकांनीही हे वाचावं, त्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे.

ह्यांचं लष्कर मोहल्ल्यातलं दुकान तू लहानपणी बघितलंस. एक मशीन, एक टेबल, भिंतीवर विठोबाची तसबीर आणि तिच्याखाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. रोज सकाळी मशीनला हळदकुंकू लावून हे जो पहिला कपडा शिवायचे तो विठोबाच्या नावाचा. कपडा गिऱ्हाइकाचाच हं, पण त्याची मजुरी डब्यात. मग ती शाळेच्या पोराची चड्डी असो की कुणाचा लग्नाचा सूट. एकदा पहिला कपडा म्हणून सूटच हाती आला तेव्हा मी हळूच म्हटलं, “आज आधी तो रुमाल शिवून घ्या की.” ह्यांनी चष्म्यावरनं बघितलं. “देवाचं माप चोरतेस काय?” म्हणाले. मी तोंड फिरवून हसले, आणि त्या दिवशी सूटची मजुरी डब्यात गेली. डबा भरला की बँकेत. त्या पैशाला आमच्या घरात कुणी कधी हात लावला नाही, तुझ्या मामाच्या, आमच्या पोराच्या, कॉलेजच्या फीच्या वेळीसुद्धा नाही.

हे गेले त्याच्या दोन दिवस आधी मला जवळ बोलावून म्हणाले, “ते विठोबाचं आहे. चांगल्या ठिकाणी दे. शिवण बघतो तसं बघून दे.” एवढंच. मी मान डोलावली. पण नंतर ते वाक्य माझ्या छातीवर दगडासारखं बसलं बघ. माझे पैसे असते तर चुकले तरी चुकले म्हटलं असतं. ही एका माणसाची आयुष्यभराची सकाळ होती, रोजची पहिली मजुरी. ती कुण्या लबाडाच्या घशात गेली तर मी वर जाऊन ह्यांना काय तोंड दाखवणार? वर्षश्राद्धाच्या आत द्यायचं ठरवलं होतं, आणि दिवस तर पळत होते. कसं कळलं कोण जाणे, पण घरी देणग्या मागणारे कागद यायला लागले. कुणी गाईंसाठी, कुणी मुलांसाठी, कुणी म्हाताऱ्यांसाठी. एका म्हाताऱ्यांच्या संस्थेचा माणूस तर मलाच विचारून गेला, “अम्मा, तुम्हाला राहायला यायचं आहे काय?” तुझा मामा आठवडाभर हसत होता. मला मात्र घास गोड लागेना. देवळात जाऊन मी विठोबाशी सरळ भांडले. म्हटलं, “तुझेच पैसे, तूच सांग ना कुठं द्यायचे! कमरेवर हात ठेवून उभा राहतोस आणि मजा बघतोस.” तो आपला उभाच.

मग मी माझ्या पद्धतीनं निघाले. शिंपी कपडा घेताना आधी काय करतो? उलटा करतो. वरून सगळेच छान दिसतात, खरं काम उलट्या बाजूला. म्हणून मी ज्या संस्थेत जाई तिथं कपडे बघायची. मुलांच्या शर्टाची कॉलर उलटायची, उशीचा अभ्रा उलटायचा. लोकांना वाटायचं, म्हातारी जरा सरकलेली आहे. पण कपड्याची काळजी घेतो तो माणसाची घेत असेल, असा माझा हिशोब. असं करत करत एक दिवस ह्यांच्या दुकानापासून दहा घरांवर असलेल्या एका गल्लीत गेले. डोळ्यांनी अगदी कमी दिसतं अशा बायकांना तिथं दोन खोल्यांत शिवण शिकवत. टीचर म्हणून एक हसतमुख बाई. “बन्नी अम्मा, या,” म्हणून तिनं पाट दिला, कॉफी दिली. मी समोरचा परकर उचलला, उलटा केला, आणि माझं मनच खट्टू झालं. शिवण कशी, तर चामुंडी बेट्टावर चढणाऱ्या वाटेसारखी, इथं वळ, तिथं वळ! मनात आलं, शिकवणारीलाच जमत नाही तर ह्या बिचाऱ्या काय शिकणार. “सरी, बरं, पुन्हा येते,” म्हटलं आणि उठले. कॉफी चांगली होती, ती मात्र पूर्ण प्यायले.

दुसरी जागा मेटगळ्ळीच्या पुढं, मुलांचा आश्रम. मोठं फाटक, बाग, भिंतीवर पाहुण्यांचे फोटो. मुलं ओळीनं उभी राहून नमस्कार म्हणाली. मी एका मुलाची कॉलर उलटली. काय ती टीप! एका रेषेत, मोत्यासारखी. शर्ट कसा कडक, घडी तशीच्या तशी. झालं, माझं ठरलं. त्यांच्या नावाचा चेक लिहिला, पिशवीत ठेवला, विठोबापुढं दिवा लावला आणि एका सकाळी सरस्वतीपुरमच्या घरून बसनं निघाले. आता सुटले, असं वाटत होतं.

मेटगळ्ळीच्या स्टॉपला उतरताना साडीचा फॉल बसच्या पायरीच्या पत्र्यात अडकला. मी खाली, फॉल वर! टर्र करून हातभर सुटला आणि पायात लोळायला लागला. श्राद्धाच्या आधीचं चांगलं काम म्हणून ह्यांनी घेतलेली साडी नेसले होते, आणि तिचे हे हाल. रडू आलं गं. स्टॉपच्या बाकावर एक बाई बसली होती, चाळिशीची असेल, मांडीवर कापडी पिशवी. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. “फॉल सुटला काय अम्मा? आवाज आला. कूत्कोळ्ळी, बसा.” मी बसले. तिनं पिशवीतनं सुई काढली, दोरा जिभेवर धरून ओवला, आणि माझा काठ हातात घेऊन बोटांनी चाचपत शिवायला लागली. मी म्हटलं, “दिसतं काय बाई तुला?” ती हसली. “बोटांना दिसतं. तुम्ही हलू नका, नाहीतर तुम्हालाच साडीला शिवेन.” मलाही हसू फुटलं. शिवून झालं, तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. मी खाली बघितलं तर टाके वाकडे. इथं वळ, तिथं वळ. अगदी त्या परकरावर होते तसे. शिंप्याची बायको मी, चेहऱ्यावर दिसलं असेल काही. पण तिला कसं दिसणार? तरी म्हणाली, “वाकडं आहे, माहीत आहे मला. एळेदु नोडी अम्मा. ओढून बघा.” तेवढ्यात एक बस आली. कंडक्टरनं तिला ओळखीनं हाक मारली आणि ती चढलीसुद्धा. नाव विचारायचं राहिलं.

मी ओढून बघितलं. शालू, दोन्ही हातांनी ओढलं. एक टाका हलला नाही. आणि तिथं बाकावर बसल्या बसल्या मला हे दिसले गं, दुकानातल्या टेबलाशी उभे. नवा कारागीर आला की हे त्याचा कपडा उलटा करून बघायचे, आणि मग शिवण दोन्ही बाजूंनी धरून जोरात ओढायचे. “दिसायला सरळ आणि ओढल्यावर उसवते ती शिवण नव्हे, ती लबाडी,” म्हणायचे. हजार वेळा ऐकलंय मी. शिवण बघतो तसं बघून दे, म्हणाले होते. मी उलटून बघितलं आणि ओढायचं विसरले! अर्धंच बघणं घेऊन गावभर फिरले.

तरी त्या मोठ्या जागी गेलेच. आधी न विचारता कुणाला नाही म्हणू नये. आता मी ओढायला लागले. म्हटलं, मुलं इथनं मोठी होऊन कुठं जातात? एखाद्या दिवशी न सांगता आले तर चालेल काय? स्वयंपाकघर बघू? तिथला कारभार बघणारे गृहस्थ नम्र होते, पण प्रत्येक प्रश्नाला एकच, “मॅडम, आधी फोटो काढूया, बाकीचं सगळं पुस्तिकेत आहे.” मुलं पुन्हा ओळीत उभी. मी पुन्हा कॉलर हातात घेतली, आणि ह्या वेळी बोटांनी बघितलं. कापडाची खळ तशीच होती. तो शर्ट एकदाही पाण्यात गेला नव्हता. पाहुणे आले की घालायचा शर्ट तो. मी त्यांना वाईट म्हणत नाही, असेल त्यांचंही काही चांगलं काम. पण मला धरून ओढायला एकही शिवण मिळाली नाही. नमस्कार केला आणि चेक पिशवीतच ठेवून परत आले.

थेट लष्कर मोहल्ल्यातली ती गल्ली गाठली. टीचरला तेच प्रश्न विचारले. तिनं काही लपवलं नाही. दोघी शिकणं अर्ध्यावर सोडून गेल्या, एक मशीन भाड्यापायी विकलं, आणि महिनाअखेर ह्या खोल्याही सोडाव्या लागतील, असं सगळं सांगितलं. इथनं शिकून गेलेल्या बायका कुठं काम करतात ती दुकानं सांगितली. “माझ्या तोंडावर जाऊ नका अम्मा, जाऊन विचारा,” म्हणाली. मी खरंच दोन दुकानांत गेले आणि विचारलं. दुसऱ्या दुकानदारानं तर सुनावलं, “पुढची मुलगी आधी मला पाठवायला सांगा हं, दुसऱ्याला नको!” मग घरी येऊन पहिला चेक फाडला आणि नवा लिहिला. तो हातात घेतल्यावर टीचर पदरानं चष्मा पुसत राहिली.

निघताना मी तिला साडीचा फॉल दाखवला. म्हटलं, ही बाई कोण सांग, तिला भेटायचं आहे. तिनं गाठीवरनं बोट फिरवलं आणि हसली. “गाठ आमचीच अम्मा. उसवू नये म्हणून दुहेरी टाका घालून अशी गाठ मारायला मी शिकवते. पण इथनं गेलेली प्रत्येक जण अशीच मारते. कोण ते कसं सांगू?” नंतर मी चार-पाचदा त्या स्टॉपवर जाऊन बसलेही. ती नाही भेटली.

देवळातल्या बायका म्हणतात, तो विठोबाच होता, साडी नेसून आला. मी वाद घालत नाही. मी म्हणते, असेल नाहीतर नसेल, पण माझा फॉल नेमका तिथंच सुटला हे तर खरं ना? शोधायचं तेवढं मी शोधलं, पाय दुखेपर्यंत शोधलं. ते चुकलं नाही, शोधायलाच हवं. पण मीच निवडणार, माझी नजर पक्की, हा जो ताठा होता तो त्यानं हातभर उसवला, आणि मग डोळ्यांनी अधू अशा एका बाईच्या हातनं फॉल तेवढा नीट शिवून दिला. आपण उलटून बघायचं, ओढून बघायचं, आणि मग हात सोडायचा. पुढचा टाका त्याचा. हे कळल्यापासून जेवण गोड लागतं मला.

तर कुणालाच देणार नाही, हे पुन्हा म्हणू नको हं. एकादशी सोडून कुठल्याही दिवशी ये, म्हणजे तुला आवडतात त्या पुरणाच्या होळग्या करता येतील. दुपारी आपण दोघी त्या गल्लीत जाऊ, तू तुझे प्रश्न विचार. आणि ती साडी मी घडी करून वरच ठेवली आहे. तुझ्या मामीनं, माझ्या सुनेनं, दोनदा विचारलं, “अत्ते, फॉल सरळ लावून देऊ?” मी हात लावू दिला नाही. ये लवकर, तुझ्या हातात देते. बघ तूच ओढून.