सेनादभाऊचा गुडघा

मेस चालवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे पातेलं हरवलेली झाकणं, आणि दुसरे किस्से. दोन्ही टाकवत नाहीत. झाकण कधी ना कधी कशावर तरी बसतंच, तसं किश्शाचंही होतं.

जळगावात फुटबॉलच्या मैदानाला लागून माझी मेस आहे. क्लबची पोरं दोन्ही वेळा माझ्याकडे जेवतात, मला अक्का म्हणतात. त्यांची बोलणी मी वाढता वाढता ऐकते. इतक्या वर्षांत खूप साठलं, पण त्यातलं निम्मं एकट्या सेनादचं आहे.

सेनाद बोस्नियाचा. फुटबॉल हाच त्याचा पेशा. आधी त्याच्या देशात, मग तुर्कस्तानात, माल्टात, आणखी कुठं कुठं खेळला, पुढे कोलकात्यालाही आला. वय चाळिशीला टेकलं तेव्हा आमच्या क्लबनं त्याला एका हंगामासाठी बोलावलं. खेळायचंही आणि पोरांना शिकवायचंही.

*

तो यायचा होता त्या दिवशी मेसमध्ये दुसरा विषयच नव्हता. आमचा कॅप्टन गोपाळ, हा पहूरचा, मोबाईलवर नकाशा मोठा करून सगळ्यांना दाखवत होता. आबा पलीकडे जेवत होते. आबा असोद्याचे. घरी केळी, कपाशी, बैलजोडी, आणि सकाळ-संध्याकाळ आमच्या मैदानाची निगराणी. त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं,

"कोठी आलं रे हे गाव?"

"आबा, गाव नाही, देश आहे. युरोपात."

"लई लांब?"

"लई म्हणजे! विमान, मग दुसरं विमान, मग ट्रेन. कालपासून निघालाय तो."

आबांचा घास हातातच राहिला.

"मंग जेवीसनी निंघला का नही?"

गोपाळनं नकाशा बंद केला. मी दोन भाकरी जास्त टाकल्या.

*

आला त्या दिवशी शेवभाजी होती. मी त्याच्यासाठी बिनतिखटाची वेगळी वाटी काढून ठेवली होती. त्यानं पोरांच्या ताटांकडे पाहिलं, आपल्या वाटीकडे पाहिलं, आणि बोटानं दाखवलं. ती द्या.

पहिल्या घासाला कान लाल, दुसऱ्या घासाला डोळ्यांतून धारा! गोपाळ ताक घेऊन धावला. सेनादनं हात वर करून त्याला थांबवलं, सगळी वाटी संपवली, घाम पुसला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. पोरं हसून हसून आडवी झाली.

"काय म्हणतो रे तो?"

"म्हणतो, अक्का, इतक्या देशांत खेळलो, पण माझं इतकं चिकटून, टाइट मार्किंग कुणीच केलं नव्हतं!"

वेगळी वाटी त्याच दिवशी बंद झाली.

*

पहिली मोठी मॅच धुळ्याला होती. मीही गेले होते, डबे घेऊन. माझ्या शेजारी धुळ्याकडचे एक म्हातारेबाबा बसले होते, डोक्यावर उपरणं गुंडाळून. ते त्यांच्या टीमचे, मी आमच्या. अर्धा खेळ होईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

सेनाद तेव्हाही फार पळत नसे. गुडघा दुखरा होता. पण चेंडू त्याच्या पायाशी आला की आवाज होत नसे. म्हणजे खरंच होत नसे! इतरांच्या पायावर चेंडू धप्प आदळतो, त्याच्या पायावर येऊन तो निजल्यासारखा व्हायचा. आणि पुढच्या क्षणी आमच्या एखाद्या पोरापुढे पोचलेला असायचा.

शेवटी बाबांना राहवलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले,

"बाई, हाऊ गडी पयत बी नही. मंग बॉल त्यानाकडेच कसा जास?"

मी त्यांना एक दशमी दिली. ती त्यांनी घेतली, पण प्रश्न काही सोडला नाही.

*

त्याच्या पायाशी चेंडू का वाजत नाही, ते मला महिनाभरानं कळलं. सगळे जेवत असताना लाईट गेली. पोरांनी ओरडा केला, मोबाईलचे उजेड इकडे तिकडे फिरले. सेनाद मात्र शांतपणे अंधारात जेवत राहिला. गोपाळ म्हणाला, "सेनादभाऊ, तुम्हाला सवय दिसतेय."

तेव्हा तो बोलला. थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत. गोपाळ आम्हाला सांगत गेला.

तो लहान असताना त्याच्या शहराला वेढा पडला होता. टेकड्यांवरून गोळीबार व्हायचा. वीज नाही, पाणी नाही, अंगणात जायची सोय नाही. मग बिल्डिंगमधली पोरं जिन्याखालच्या मोकळ्या जागेत खेळायची. चिंध्यांचा चेंडू. भिंतीला लागला तर शेजारी दचकायचे, त्यांना वाटायचं बाहेर काही झालं. म्हणून पोरांनी नियमच केला होता. ज्याचा चेंडू वाजेल तो बाद.

आणि रस्त्याकडच्या दारात त्याची आई उभी राहायची. हात पसरून, पूर्ण वेळ. चेंडूमागे एखादं पोर बाहेर पळू नये म्हणून.

"मी मोठमोठे गोलकीपर पाहिले," सेनाद म्हणाला, "पण आईसारखा एकही नाही. युद्ध संपेपर्यंत तिनं एकही चेंडू बाहेर जाऊ दिला नाही."

खेळ थांबवायची वेळ झाली की ती हाक मारायची, "हायदे कुची!" म्हणजे चल, घरी चल. खेळ ऐन रंगात असला तरी ती हाक आली की संपला.

लाईट आली. सगळ्यांनी आपापली ताटं न वाजवता उचलून ठेवली.

*

आमच्या मेसच्या अंगणात छोटे कार्यक्रमही होतात. एकदा पोस्टातले एक गृहस्थ रिटायर झाले, त्यांचा निरोप समारंभ होता. शाल, हार, पेढे, भाषणं. त्यांच्या सूनबाई रडल्या. सासऱ्यांनीच त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि सगळे फोटोला उभे राहिले.

सेनाद सरावावरून आला होता. घामेजल्या कपड्यांत कोपऱ्यात उभा राहून त्यानं सगळा कार्यक्रम पाहिला. टाळ्यांच्या वेळी टाळ्या वाजवल्या. मग गोपाळला विचारलं, "हे कोण? मोठे माणूस आहेत?"

"नाही. पोस्टात होते. काम संपलं, आता घरी जाणार."

"आणि घरी जातो म्हणून हे सगळं?"

"हो मग! सगळ्यांचंच करतात."

सेनादनं त्या शालीकडे बोट दाखवलं.

"मला दर वेळी ई-मेल आला," तो म्हणाला. "एका क्लबात तर मी सरावावरून परत येईपर्यंत माझ्या कप्प्यात दुसऱ्याचे बूट होते."

मी त्याला पेढा दिला. तो हसला आणि मला म्हणाला, "अक्का, मला शाल नको. गरम होतं इथं. पण शेवटची मॅच मला सांगून पाहिजे. ही शेवटची, हे माहीत असताना खेळायचंय. आणि स्वतःच्या पायांनी बाहेर यायचंय. आईला ते बघू दे."

*

श्रावणात गुडघा फारच सुजला. डॉक्टरांनी फोटो काढले, लाईटसमोर धरले आणि सांगितलं, आता थांबायचं. सेनादनं एक मॅच मागून घेतली. डॉक्टर म्हणाले, "पट्टी घट्ट बांधून, अर्धाच वेळ. आणि जितकी लवकर होईल तितकी बरी. रोज बिघडतोय हा."

मॅच ठरली धुळ्याच्या टीमशी, आमच्या मैदानावर. परतीचं तिकीटही निघालं. सगळं जमलं, आणि मग गोपाळनं भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख पाहिली. आमचे सेक्रेटरी मोठ्या शहरातून आलेले, भले माणूस, पण त्यांनी मॅच ठेवली होती ऐन पोळ्याच्या दिवशी!

आमची निम्मी पोरं शेतकऱ्यांची. पोळ्याला घर सोडून कोण येणार? सेक्रेटरी समजावत होते तेवढ्यात धुळ्याच्या कॅप्टनचा फोन आला. गोपाळनं स्पीकरवर टाकला.

"पोळाना दिन बैलसले बी सुट्टी ऱ्हास! आम्हना पोरेसनी काय पाप करं?"

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. ते सेनादला म्हणाले, "तू सांग पोरांना. तुझ्यासाठी येतील ती. पुढं ढकलली तर तुझा गुडघा टिकेल का?"

खरंच होतं ते. सेनादनं एक शब्द टाकला असता तर पोरं आली असती. सगळी त्याच्याकडे पाहत होती, आणि मला मनातून वाटत होतं, टाक रे बाबा शब्द.

त्यानं गोपाळला विचारलं, "पोळा म्हणजे काय?"

गोपाळनं सांगितलं. बैल वर्षभर राबतो. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याला आंघोळ घालतात, सजवतात, पुरणपोळी देतात, आणि घरधनी त्याच्या पाया पडतो.

"मालक पडतो? बैलाच्या?"

"हो."

सेनादनं समोरच्या खुर्चीवर ठेवलेला पाय दोन्ही हातांनी उचलून खाली घेतला.

"मॅच पुढं ढकला," तो म्हणाला.

*

मॅच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली. त्याच संध्याकाळी त्याची गाडी होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबा आम्हाला असोद्याला घेऊन गेले. मला, गोपाळला आणि सेनादला. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. आबांच्या सूनबाईंनी वाटीत लोणी आणि हळद कालवून आणली. सेनादला ओट्यावर खुर्ची दिली.

आबांची कामाची जोडी पुढं बांधलेली होती. पण ते आधी गेले मागं, हरण्याकडे. हरण्या म्हातारा झालेला, जू न घेता उभाच असतो. आबांनी त्याच्या खांद्यावरचा घट्टा दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू मळला. हरण्यानं डोळे मिटले.

सेनादनं विचारलं, "हा काम करतो?"

"नाही," गोपाळ म्हणाला.

"मग आधी याला का?"

गोपाळनं आबांना विचारलं. आबा मळता मळताच म्हणाले, "काऊन म्हन्जे? खांदा त्याचा झिजला ना."

मग त्यांनी जोडीचेही खांदे मळले. प्रत्येकाच्या कानाशी वाकून दर वर्षीसारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वाटीत थोडं लोणी उरलं होतं. मला वाटलं, आता हात धुतील. आबा ओट्याजवळ आले, सेनादपुढं उकिडवे बसले आणि त्याची पँट गुडघ्याच्या वर सरकवली.

आबांनी गुडघा मळला, अगदी तसाच, दोन्ही अंगठ्यांनी. मग वर पाहून म्हणाले,

"आज आवतन घे, भाऊ. उद्या जेवाले ये."

दुसऱ्या दिवशी तो आला. बैलांना घास भरवल्यावर पहिलं ताट त्याला वाढलं.

मॅचच्या दिवशी सेनादनं आपला मोबाईल माझ्या हातात दिला होता. पलीकडे त्याची आई. तिच्याकडे अजून पहाट होती. डोक्याला रुमाल, पुढ्यात कॉफी, स्वयंपाकघरात एकच दिवा. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मी घाबरून फोन असा धरला होता की बिचारीनं मॅच कमी आणि आमचं आभाळच जास्त पाहिलं!

सेनादचा गुडघा पिवळाच होता. वरून पट्टी. सुजेला काही उतार नव्हता. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच तो लंगडायला लागला. तरी चेंडू आला की आवाज नाही. गोल आमचा झाला नाही, धुळ्याचा झाला. मध्यंतराच्या जरा आधी त्यानं स्वतःच पंचांकडे हात वर केला. मग मैदानाच्या मधून चालत निघाला. एका पोरानं आधार द्यायला हात पुढं केला, त्यानं मानेनंच नको म्हटलं. धुळ्याची पोरंही जागच्या जागी उभी राहिली. कुणी चेंडूला पाय लावला नाही. फार वेळ लागला त्याला यायला.

चुन्याची रेघ ओलांडून तो माझ्याजवळ आला आणि फोनसमोर वाकला. आईनं कप खाली ठेवला. आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली,

"हायदे कुची."

सेनादनं जर्सीनं तोंड पुसलं. आबा माझ्या मागे उभे होते. त्यांनी पुढं येऊन फोनमध्ये पाहिलं, डोक्यावरची टोपी सारखी केली, आणि त्या माउलीला म्हणाले,

"व्हय माय. आता जेवाडतो, अन् धाडतो."