न संपणारी लग्नपत्रिका

“खोटं! साफ खोटं! एका रात्रीत नोटेची प्लेट?”

हॅरोच्या सिनेमागृहात म्हातारा खुर्चीवर चढून पडद्याला दम देत होता. पडद्यावर छळछावणीतले कैदी नाझींसाठी नकली पाउंड छापत होते. मागच्या बाईने असं काही ‘श्श्श’ केलं, की हीथ्रोवर उतरणारं विमान परत फिरलं असेल.

असा माणूस तुम्ही पाहिला नसणार, म्हणून सांगतो. हाउन्सलोच्या आमच्या छापखान्यात तो छपाईच्या प्लेटा कोरायचा. तरुणपणी छावणीत त्याच्याकडून हेच नकली नोटांचं काम करवून घेतलं होतं. तोंडी एकच वाक्य, “अजून झालं नाही.” एका दुकानाच्या सेलचं पत्रक त्याने इतके दिवस सुधारलं, की तोवर दुकानच बंद पडलं.

त्या वर्षी माझी लग्नपत्रिका त्याच्याकडे होती. मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी तीन आठवडे भिंग लावून गणपतीशी भांडत होता. “याचा डावा कान उजव्याला ओळखत नाही,” म्हणे. कार्डिफची आत्या रोज फोनवर, “अरे, मुलगी तरी तीच आहे ना?” शेवटी मालक कडाडले, “सोमवारी पत्रिका नाही, तर म्हाताराही नाही!”

घरी त्याचं कोणी नव्हतं. ते टेबल सुटलं असतं, तर गडी महिनाभर टिकला नसता. म्हणून रविवारी जरा मन रमवायला सिनेमाला नेला. पोस्टरवर छपाईयंत्र दिसलं, म्हटलं खूश होईल. काय ही माझी अक्कल!

बॅटरीवाल्या बाईने आम्हाला बाहेर काढलं. बसस्टॉपवर मी विचारलं, “मग तुम्हाला किती दिवस लागले होते?”

“दोस्त राष्ट्रांचे सैनिक छावणीच्या फाटकातून आत येईपर्यंत,” तो कोटाची बटणं लावत म्हणाला. “काम संपलं की आम्हालाही संपवणार होते. रोज काहीतरी चूक शोधून काढायचो.”

सोमवारी मालक टेबलाशी येऊन उभे. पत्रिका समोर तयार होती. गणपती असा, की हात जोडावेत. म्हाताऱ्याने भिंगावरून मान वर केली नाही.

“अजून झालं नाही.”

मालक माझ्याकडे वळले. “गिऱ्हाईक तू आहेस. बोल, लग्न कधी आहे तुझं?”

“घाई नाही,” मी म्हणालो. “पुढे ढकललंय.”