ताई घरीच हाय

भुताचं नाव निघालं की लोक विषय बदलतात. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसत. "दिसते कसं ते राहू दे," त्या म्हणत, "मांगते काय, ते आंदी सांग." अख्खं मंगरूळपीर त्यांना भूतबाई म्हणे, आणि त्यांना ते आवडे.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या स्कूटीवर मागे बसून भुतांच्या गोष्टी ऐकत गावोगाव हिंडायची. इंझोरीत एकाने सांगितलं, मोबाइलमधला नकाशा त्याला एकाच तुरीच्या वावराभोवती फिरवत राहिला. बाई खुदकन हसल्या. "हा तं आपला चकवा! माहा आजा सांगे, पहिले तो हाका मारून वाट चुकवे. आता मोबाइलात जाऊन बसला."

एकदा किन्हीराजाजवळ चहा पिताना एका दूधवाल्याने त्या भागातली नवी गोष्ट सांगितली. सांजेला नाल्याच्या पुलावर एक पोरगा हात दाखवतो, गाडीवर मागे बसतो, "मले ताईकडे सोडून दे" म्हणतो. गाव आलं की मागे कोणीच नसतं.

माझा कप हातातच राहिला. बाईंचा धाकटा भाऊ त्याच पुलावर अपघातात गेला होता, भाऊबीजेला त्यांच्याकडे येताना. आई वारल्यावर त्याला बाईंनीच वाढवलं होतं. दूधवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, बाई उठून जातील. पण त्यांनी हळूच विचारलं, "भेव दाखवते का रे तो?"

"नाई बाई. गरीब हाय बिचारा."

"पुन्हा भेटला तं सांगजो त्याले, ताई घरीच हाय म्हणा."

पुढे त्या निवृत्त झाल्या, तरी मुलीकडे नागपूरला जाईनात. मुलगी फोनवर चिडायची, रडायची. "मी गेली तं तो येईन कोनाकडे?" एवढंच त्या मला म्हणत. दूधवाला दिसला की पुलावरच्या त्या पोराची खबर विचारत.

मग रस्ता मोठा झाला, जुना पूल पाडला. दूधवाला म्हणाला, "आता कोनालेच दिसत नाई बाई तो."

मी घाबरून बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसले. "पोचला मंग," त्या म्हणाल्या.

त्याच महिन्यात त्यांनी घराला कुलूप लावलं आणि नागपूरची बस धरली.

परवा फोनवर मी विचारलं, "तिकडे भुतं नाहीत का हो बाई?"



"असतीन वं. पन इथं मले कोनी सांगत नाई."