बारा ते तीन, फक्त महिलांसाठी

माझ्या सासूला सिनेमातल्या सासवांचा भयंकर राग होता.

काल पहाटे त्या गेल्या. आमच्या आत्या. सासूला मी आत्याच म्हणायचे.

त्यांना रडके सिनेमे आवडायचे नाहीत, म्हणून ही पोस्टही रडकी होणार नाही. डोळे सुजलेत ते सुजलेत, त्याचं मी बघते.

मी दौंडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. दोन हजार सालच्या आसपास लग्न होऊन शिरूरला आले. नवरा रांजणगावच्या कंपनीत शिफ्टमध्ये, सासरे कडक, आणि घरच्या बाईनं थेटरात जायचं नाही हा नियम.

अपवाद एकच. महिन्यातून एकदा थेटरात बारा ते तीनचा लेडीज शो लागायचा. आत फक्त बायका. तेवढी परमिशन होती.

ते तीन तास म्हणजे काय चीज होती, हे मोबाईलवर सिनेमा बघणाऱ्या माझ्या पोरींना कितीही सांगितलं तरी कळत नाही.

पण सिनेमा कायम एकाच जातीचा. सून सोसते, सासू छळते, शेवटी सगळे देवापुढे हात जोडून उभे.

आत्या अख्खा शो बडबडत बसायच्या.

"ही बघ. चुलीपुढं बसलीय आन् घामाचा थेंब न्हाई."

"एवढा छळ करायला त्या सासूला येळ कुठनं मिळतो गं? हिच्या घरी म्हशी न्हाईत का?"

नवीन पोस्टर लागलं की बाजारातून येता येता निकाल देऊन मोकळ्या. "ह्या हिरोला पळता येणार न्हाई. पोट बघ की. पडतोय ह्यो पिच्चर."

आणि पडायचा हो.

मग घरोघरी केबल आली. सासू-सुना रोज टीव्हीवर फुकटात रडायला लागल्या. लेडीज शोला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या.

एकदा मॅनेजरनं तिकिटाच्या खिडकीतूनच सांगून टाकलं, "काकू, पुढच्या महिन्यापासून लेडीज शो बंद. परवडत न्हाई."

महिनाभर त्याच एका दुपारची वाट बघायचे मी.

आत्या खिडकीपासून हलल्या नाहीत.

"रडायला आमची घरं हायेत की, मॅनेजर. तिकीट काढून कशाला रडू? त्यो मारामारीचा लावा. बाहेर पोस्टर लावलंय बघा, त्यो."

मॅनेजर हसला. "त्यो बायकांना झेपणार न्हाई काकू. लई रक्त हाय त्यात."

"चार बाळंतपणं झाल्यात माझी. रक्ताचं तुम्ही आमाला सांगू नका."

मागची सगळी लाईन फिसकन हसली. मॅनेजर बसला कान खाजवत.

शेवटी ठरलं. एक शो. थेटर भरलं तर लेडीज शो चालू, नाही भरलं तर कायमचा बंद.

दिवस आत्यांनीच निवडला. बाजाराचा.

"बाजाराला यायला बायांना कुणाला इचारावं लागत न्हाई," म्हणाल्या.

आता पब्लिसिटी. आत्यांची जुनी मैत्रीण मुमताजभाभी. बाजारात तिचा बांगड्यांचा स्टॉल. आधीच्या बाजारी आत्या सकाळपासून तिथं ठाण मांडून बसल्या. बाई बांगड्या भरायला आली की भाभी तिचा हात धरायची आणि आत्या स्टोरी सुरू करायच्या. हात भाभीच्या हातात, बाई उठून जाणार कुठं?

इंटरव्हलपर्यंत रंगवून सांगायच्या आणि एकदम गप्प.

"आन् पुढं काय झालं?"

"पुढचं थेटरात."

मी हळूच विचारलं, "आत्या, तुम्ही कधी पाहिला हा पिक्चर?"

"पोस्टर बघितलंय की."

मी कपाळाला हात लावला.

शोच्या दिवशी पावणेबारा झाले तरी आत आम्ही मूठभर बायका. मॅनेजर दारात उभा, अगदी खुशीत. "मी म्हणलं हुतं ना काकू."

मला रडूच यायला लागलं. आत्या म्हणाल्या, "थांब जरा. भाजी घेऊन व्हायचीय त्यांची."

मग आल्या.

पार निमोणे गावाहून आल्या, शिरूरातल्या आल्या. पिशव्यांसकट, मेथीच्या जुड्यांसकट, कडेवर पोरं घेऊन. मुमताजभाभी स्टॉल नवऱ्याच्या गळ्यात घालून अख्खी गल्ली घेऊन आली. खुर्च्या संपल्या. कँटीनची बाकडी आत आणली. हाउसफुलचा बोर्ड शोधायला मॅनेजरची धावपळ, कारण लेडीज शोला तो कधी लागलाच नव्हता.

हिरोनं पहिली फाईट मारली आणि माझ्या शेजारून शिट्टी.

दोन बोटांची, कान फाटेल अशी.

वळून बघितलं तर आत्या. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी माझी सासू.

मग थेटर ऐकतंय होय? पडद्यावर कोण काय बोललं ते कुणालाच ऐकू आलं नाही.

इंटरव्हलला एक बाई भांडायलाच आली. "तुमी सांगितलं तसं कायच झालं न्हाई की वं."

आत्या म्हणाल्या, "मंग माझाच पिच्चर चांगला हुता म्हण की."

सुटल्यावर मॅनेजर स्वतः पुढं आला. "काकू, पुढच्या महिन्यात कुठला लावू?"

आम्ही जिंकलो होतो. आत्यांनी लगेच भाव खाल्ला. "बघू. पर ह्यात गाणी लई हुती, पुढच्यात जरा कापा."

घरी आलो तर सासरे ओट्यावर.

"कसला सिनेमा हुता?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात ठरलेलं. 'घरगुती.' मी खाली मान घालून उभी.

आत्यांनी पिशवी खाली ठेवली.

"मारामारीचा. लई झ्याक हुता. पुढच्या म्हैन्यात परत जाणार हाय. ही बी येणार."

सासऱ्यांनी आत्यांकडं डोळे वटारून बघितलं. आत्यांनी मान खाली घातली नाही.

"पुढच्या म्हैन्यात कुठल्या तारखेला?" एवढंच म्हणाले.

त्या दिवसानंतर आमच्या घरात कुठल्याही बाईला 'कसला सिनेमा' असं कुणी विचारलं नाही. मला नाही, माझ्या पोरींना तर नाहीच.

आत्या, तुम्ही जिंकून गेलात.

तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार.