मोहन्याच्या खोलीची शांतता

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. आम्ही बौद्ध माणसं. अंगात येणं, उतारा टाकणं असलं काही आमच्या घरात कधी चाललं नाही. कुणी भुताची गोष्ट काढली की आई म्हणायची, "जिवंत माणसं कमी त्रास देतात का, म्हणून मेलेली बोलावताय?" त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण तुमच्यात कुणी साउंडवाले असतील तर वाचा, आणि मला खुळी ठरवायचं तर कारणासकट ठरवा.

मी एडिटर आहे. डोंबिवली पूर्वेला वन बीएचके, बेडरूममध्ये कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर, तेच ऑफिस. लग्नाचे व्हिडिओ, क्लासेसच्या जाहिराती, मधूनच एखादी शॉर्ट फिल्म. दिवसभर लोकांचे चेहरे बघते, त्यांचं हसणं-रडणं कापते, जोडते... आणि प्रत्यक्षात दूधवाला सोडला तर कुणाशी बोलणं होत नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून घरात मी एकटीच.

तर, माझा मित्र नितीन मोहने गावातल्या एका जुन्या चाळीवर डॉक्युमेंटरी करत होता. चाळ बिल्डरकडे गेलेली, बिऱ्हाडं एकेक करून निघून गेलेली. वरच्या मजल्यावर एकच माणूस उरलेला — साळवे काका. कंपनीतून रिटायर, बायको सुमनकाकू वारलेल्या. मुलगा अमोल ठाण्याला घोडबंदर रोडवर टॉवरमध्ये राहतो, तो बोलावून थकला, पण काका हलेनात.

शूटला मी नव्हते. माझ्याकडे हार्ड डिस्क आली. आमच्यात एक पद्धत आहे. शूटिंग संपलं की त्या खोलीत सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि नुसती शांतता रेकॉर्ड करायची. तिला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये भोक पडलं की तिथे हीच शांतता भरायची, नाहीतर कानाला लगेच खटकतं.

मी मोहन्याचा रूम टोन लावला आणि डोकंच फिरलं. कुणीतरी सुपात तांदूळ पाखडत होतं. सरसर, सरसर. मग थांबायचं, आणि वाटीत खडा पडल्यासारखं टिक.

नितीनला फोन केला. "अरे, शेजारच्या बाईला जरा थांब म्हणायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

"कुठली बाई?" तो म्हणाला. "आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांना कुलपं आहेत."

क्लिप पाठवली. त्याचा मेसेज आला — "एकदम क्लीन आहे गं. कान साफ कर."

म्हटलं, हा मोबाइलवर ऐकतोय, याला काय कप्पाळ कळणार. फेस्टिवलला पाठवायची घाई होती. मी सरळ माझ्या घरातला पंखा बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं, आणि माझ्याच हॉलची शांतता रेकॉर्ड करून मोहन्याच्या सीनखाली भरली. असा जुगाड सगळेच एडिटर करतात. कुणाच्या बापाला कळत नाही.

एडिट पक्कं करून फिल्म लॉक करण्याआधी ती ज्याच्यावर आहे त्याला एकदा दाखवायची, हा माझा नियम. नितीन बाहेरगावी, म्हणून लॅपटॉप घेऊन मीच मोहन्याला गेले. दुपारची वेळ. काकांनी जयभीम घातला, चहा ठेवला, आणि हेडफोन असे सांभाळून कानाला लावले की मला हसू आलं.

फिल्ममध्ये एक जागा आहे. काका बोलता बोलता थांबतात आणि खिडकीकडे बघत बसतात. कुणीच काही बोलत नाही. तिथे काकांनी एक हेडफोन कानावरून बाजूला केला.

"पोरी, ही खोली माझी नाही."

मी म्हटलं, "काका, तुम्हीच तर बसलायत त्यात."

"दिसते माझी. ऐकू दुसरीच येतेय. तुझं घर आहे का गं हे? आईला जरा बसायला सांगायचंस की. चालताना तिची एक चप्पल घासतेय, गुडघा दुखत असेल. आता बघ, डब्याचं झाकण लावलं... वरून दोनदा थोपटलं."

मी कप खाली ठेवला. माझी आई उजवा पाय ओढत चालायची. आणि डबा कुठलाही असो, झाकण लावलं की वरून दोनदा थोपटायची, लहान पोराला झोपवतात तसं. काकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझ्या घरातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मी हेडफोन ओढून घेतला. दहा वेळा ऐकलं असेल. काही नाही. माझा रिकामा हॉल, बस्स. मला रडू आलं. भीतीनं नव्हे... हेव्यानं. माझी आई, आणि ऐकू येणार यांना?

मग काय सुचलं कोण जाणे, मी मोहन्याची मूळ क्लिप काढून काकांना ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"ही माझी खोली," ते म्हणाले. "पण रिकामी."

"काका, यात सूप ऐकू येत नाही तुम्हाला? कुणीतरी तांदूळ पाखडतंय, खडे काढतंय."

काकांनी डोळे उघडले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "खडा खिडकीतून टाकते, का वाटीत?"

"वाटीत."

"सुमन," ते म्हणाले. "खालच्या बाईच्या डोक्यावर एकदा खडा पडलेला, केवढं भांडण झालं होतं. तेव्हापासून वाटी घेऊन बसायची." आणि खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसून तो माणूस रडला. मी आपली पाठीवर हात ठेवून बसले. दुसरं काय करणार?

पण यातून भलतंच झालं. चार दिवसांनी अमोलचा फोन. "ताई, तुम्ही बाबांच्या डोक्यात काय भरवलंय? ते म्हणतात, ती इथे आहे, मी कुठेही येणार नाही. लाइट-पाणी तोडणार आहेत तिथलं. त्यांची बीपीची गोळी चालू आहे, पडले-झडले तर बघायला कोण आहे?"

त्याचं काय चुकलं होतं? मी परत मोहन्याला गेले.

"काका, तुम्ही ठाण्याला जा. मी तिकडे येऊन रेकॉर्ड करीन. काकू तिथे आल्या की नाही, खरं काय ते सांगेन."

"खोटं सांगणार नाहीस?"

"नाही."

सामान हललं त्या दिवशी मी होते. काकांनी कपाट सोडलं, पलंग सोडला, पण सूप आणि ती स्टीलची वाटी स्वतःच्या हातात घेतली. अमोल म्हणाला, "बाबा, आता तांदूळ निवडलेला येतो." काकांनी सूप काखेत मारलं. उंबऱ्याबाहेर आले, दार सताड उघडं ठेवलं आणि आत बघून म्हणाले, "सुमन, चल. ठाण्याला." थोडं थांबले, मग जिना उतरले.

ठाण्याचा फ्लॅट सव्विसाव्या मजल्यावर. खिडक्या बंद केल्या की बाहेरचं जगच नाही. काकांची खोली छोटीशी, सूप खिळ्याला टांगलेलं. मी रेकॉर्डर लावला, सगळे स्तब्ध उभे राहिलो. मग मी हेडफोन लावून ऐकलं. लिफ्टची घरघर, कुठलातरी एसी. बाकी काही नाही. परत ऐकलं. काही नाही. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकं वाटलं, सांगून टाकावं की आल्या काकू... पण शब्द दिलेला.

"नाही ना?" त्यांनीच विचारलं. मी मान हलवली.

"असू दे. तिचं निघणं असंच असतं. आधी गॅस बघेल, मग कुलूप ओढून बघेल, जिन्यातून परत जाऊन पुन्हा ओढून बघेल. मी स्टँडवर पोचायचो तरी ही बाई घरातच." बोलताना ते हसत होते, पण माझा पाय तिथून निघेना.

फिल्म फेस्टिवलला पाठवली, पण तिची निवडच झाली नाही. शेवटी नितीनने ऑनलाइन टाकली, शे-दीडशे लोकांनी बघितली असेल. पण मी ठाण्याला जात राहिले. दर वेळी रेकॉर्ड करायचं, दर वेळी मान हलवायची. काका खंगायला लागले होते. अमोलची बायको म्हणाली, जेवण अर्धं टाकतात.

आणि एका रविवारी मी हेडफोन लावला आणि... सरसर. सरसर. थांबलं. टिक.

मी नुसती खिळ्यावरच्या सुपाकडे बोट दाखवत राहिले. काका उठले. आत गेले, तोंड धुवून आले आणि सुनेला म्हणाले, "भूक लागलीय गं. भाकरी टाकतेस का?"

घरी येऊन मी सगळ्यात आधी मोहन्याची मूळ क्लिप उघडली. तीच हार्ड डिस्क, तीच फाइल, कुणी हातसुद्धा लावला नव्हता. स्वच्छ शांतता. पाखडणं नाही, खडा नाही. एकदम क्लीन, नितीन म्हणाला होता तशी.

माझे कान, माझा एकटेपणा, भास... सगळं स्वतःला सांगून झालं. पण मग ते झाकण दोनदा थोपटणं काकांना कुठून कळलं? ते कुणीतरी मला सांगा.

मागच्या रविवारी निघताना मी काकांना माझ्या हॉलची ती क्लिप पुन्हा लावून दिली. विचारायला धीर होत नव्हता, तरी विचारलं, "आहे का अजून?"

त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. "आहे. डबे लावून झाले तिचे. आता दाराशी येऊन उभी राहिलीय. तू जा बरं घरी, उशीर करू नकोस."

हल्ली मी कुलूप उघडलं की मोठ्यानं सांगते, "आई, आले गं." मग पंखा बंद करते, फ्रिज बंद करते आणि हॉलमध्ये थोडा वेळ नुसती उभी राहते. मला अजून काहीच ऐकू येत नाही. पण आईला मी ऐकू येत असेन, म्हणून जेवायला काय केलंय तेही सांगते.