सुमनबाईंचे उपास आणि थेंब

डोळ्यांच्या दवाखान्यात बारा वर्षं काढली की किस्से जुन्या चष्म्यांसारखे साठतात, परत न्यायला कुणी येत नाही. आमच्या मंगरूळपीरच्या दवाखान्यातले निम्मे एकट्या सुमनबाईंचे!

बाई अनसिंगच्या. हळदीचं बेणं निवडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांना काचबिंदू निघाला. कडेचं दिसणं थोडं गेलेलं, आणि गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं, एवढीच लढाई.

*

कडेची नजर मोजणाऱ्या फील्ड टेस्टमध्ये यंत्रात डोकं घालून बसायचं आणि बारीक उजेड दिसला की बटण दाबायचं. बाईंनी उजेड नसतानाही इतकं दाबलं की यंत्रानंच टेस्ट बाद केली. पुन्हा घ्यावी लागली. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पयल्याच पेपरात नापास कायले होऊ?"

*

डॉक्टर मॅडमनी डोळ्यातलं प्रेशर उतरवायला रोज नऊच्या ठोक्याला टाकायचे ड्रॉप्स दिले, जोडीला अँटिऑक्सिडंटची गोळी. डोळ्याच्या नसेच्या पेशींना गंजासारखं काहीतरी खातं, गोळी त्याला अडवेल अशी आशा आहे, संशोधन चालू आहे. पण खरा पहारा ड्रॉप्सचाच, असं समजावलं.

पुढच्या खेपेला बाई किलोभर हळद घेऊन हजर. गंजावर हळदच भारी, म्हणे! मॅडमनी हळद ठेवून घेतली, गोळी चालू ठेवली आणि हळद डोळ्यात घालायची नाही, हे तीनदा बजावलं.

*

तरी प्रेशर चढलेलंच. मॅडम हैराण. मी बाटली हलवून पाहिली. महिन्यात संपायची ती अर्धी भरलेली!

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी... उपासाला बाई ड्रॉप्स टाकतच नव्हत्या.

"कडू पाणी घशात उतरते ना भाऊ. उपास मोडते."

मॅडम रागावल्या नाहीत. थेंब टाकून डोळा मिटायला सांगितला आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबायला लावला. घशात काही उतरलं नाही, औषधही डोळ्यातच राहिलं. बाईंनी आवंढा गिळून खात्री करून घेतली.

*

वर्षानं पुन्हा फील्ड टेस्ट. या वेळी न दिसलेलं बाईंनी इमानदारीनं सोडलं. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. न दिसणारा काळा भाग तसूभरही वाढला नव्हता. मॅडम खुर्चीतून उठल्या. मला तर नाचावंसं वाटलं!

आठवड्यानं बाई उद्यापनाचं आमंत्रण घेऊन आल्या. मॅडमनी लगेच विचारलं, कशाचं उद्यापन? पास झाल्या म्हणून ड्रॉप्स बंद की काय?

"नाई वो, सोळा सोमवाराचं हाय. ड्रॉप्सचं व्रत तं जल्माचं."

आम्ही गेलो. भटजी आरती पेटवणार, तोच नऊ वाजले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं, थेंब टाकला, कोपरा दाबला. मी आजूबाजूला पाहिलं, तर सगळा मांडव डोळे मिटून, नाकाजवळ बोट धरून उभा. भटजीसुद्धा!